उपकरण बनवणाऱ्या नवउद्योगाचे भांडवल : नागपुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

उपकरण बनवणाऱ्या कंपनीला लागणारा पैसा एकाच जातीचा नसतो, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला जवळजवळ तीन वर्षे गेली. पहिला नमुना जुळवण्याचा पैसा, तो नमुना उन्हापावसात टिकतो की नाही हे तपासण्याचा पैसा, साचे आणि प्रमाणपत्रे यांचा पैसा आणि पाचशे नगांची मागणी पुरी करण्यासाठी सुटे भाग आणून ठेवण्याचा पैसा, असे हे चार निरनिराळे खर्च आहेत. त्यांची जोखीम वेगळी असते, त्यामुळे ते देणारी माणसेही वेगळी असतात. नवखे उद्योजक हे चारही खर्च एकत्र करून एकाच गुंतवणूकदारापुढे ठेवतात आणि कंपनीचा मोठा हिस्सा देऊन त्या पैशातून बॅटऱ्या विकत घेतात. तसे होऊ नये यासाठी कोणत्या पायरीवर कोणाकडे जावे आणि जाण्याआधी हातात काय असावे, हे या लेखात क्रमाने लिहिले आहे.

उदाहरण म्हणून एकच उपकरण डोळ्यांपुढे ठेवतो. काटोल, नरखेड, वरूड या पट्ट्यातील संत्रा बागेत जमिनीचा ओलावा मोजणारे, सौर पॅनेलवर चालणारे आणि मोजलेले आकडे रेडिओ लहरींनी पाठवून शेतकऱ्याच्या मोबाइलवर दाखवणारे यंत्र. माझे स्वतःचे काम याच प्रकारच्या यंत्रावर झाले आहे. तुमचे यंत्र कारखान्यातील मोटारीचे कंपन मोजणारे असेल किंवा रुग्णालयातील शीतकपाटाचे तापमान पाहणारे असेल, तरी विचाराची दिशा हीच राहील.

पहिली पायरी : काय ठाऊक नाही, ते लिहून काढा

भांडवलाचा पहिला कागद म्हणजे सादरीकरण नव्हे. एका कोऱ्या पानावर आपल्याला अजून ठाऊक नसलेल्या गोष्टी लिहाव्यात. यंत्र मे महिन्यात चालेल का, शेतकरी पैसे मोजेल का, मोजले तर एकरकमी की वर्षाच्या वर्षाला, सुटे भाग नियमित मिळतील का, दुरुस्तीला माणूस किती वेळा पाठवावा लागेल. अशा प्रत्येक प्रश्नापुढे त्याचे उत्तर मिळवायला किती रुपये आणि किती महिने लागतील तेही लिहावे. गुंतवणूकदार पैसे देतो तेव्हा तो खरे म्हणजे यांपैकी एखादी अनिश्चितता दूर करण्याचा खर्च उचलत असतो. ती दूर झाली की कंपनीची किंमत वाढते आणि पुढचा पैसा कमी हिश्श्यात मिळतो. म्हणून जो प्रश्न सर्वांत स्वस्तात सुटतो आणि ज्याच्या उत्तरावर बाकी सगळे अवलंबून आहे, तो आधी आणि शक्यतो स्वतःच्या किंवा अनुदानाच्या पैशातून सोडवावा.

नागपूरला हे काम करणाऱ्याला एक मोठी सोय आहे. आपला उन्हाळा हीच एक चाचणी प्रयोगशाळा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि त्याही वर जातो, आणि उन्हात ठेवलेल्या बंद डब्याच्या आतले तापमान त्याहून बरेच जास्त असते. सर्वसाधारण लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावी असे तिचे उत्पादक सांगतात. म्हणजे ज्या वेळी सौर पॅनेल सर्वाधिक वीज देते, नेमक्या त्याच वेळी आपल्याकडे बॅटरी चार्ज करणे धोक्याचे असते. आमच्या पहिल्या बारा यंत्रांपैकी पाच यंत्रांच्या बॅटऱ्या एका उन्हाळ्यात फुगल्या. त्यानंतर आम्ही लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीकडे वळलो, डबा पांढरा केला आणि पॅनेलच्या सावलीत बसवला. दुसरी अडचण जमिनीची होती. विदर्भातील काळी भारी जमीन वाळली की भेगाळते, संवेदकाच्या पात्यापासून माती सुटते आणि यंत्र चुकीचा कोरडेपणा दाखवू लागते. प्रयोगशाळेत ठीक चाललेले यंत्र बागेत खोटे बोलते ते यामुळे.

या गोष्टी मी तपशिलाने सांगतो आहे, कारण भांडवल उभारताना याच अपयशांची नोंदवही आमच्या सर्वाधिक उपयोगी पडली. किती यंत्रे लावली, कोणते कोणत्या तारखेला बंद पडले, कारण काय निघाले, रचनेत काय बदल केला आणि बदलानंतर काय झाले, असे पाच रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा. उपकरणांचा अनुभव असलेला गुंतवणूकदार ही वही सर्वांत आधी मागतो. ती नसेल तर तुमची यंत्रे अजून प्रत्यक्ष जागेवर लागलेलीच नाहीत, असे तो धरून चालतो.

दुसरी पायरी : एका नगाचा खरा हिशेब

बहुतेक नवोदित सुट्या भागांच्या किमतींची बेरीज करतात, ती विक्रीच्या किमतीतून वजा करतात आणि उरलेल्या रकमेला नफा म्हणतात. हा हिशेब गुंतवणूकदारापुढे पाच मिनिटेही टिकत नाही. समजा, यंत्राची किंमत कर सोडून ९,५०० रुपये आहे आणि सुट्या भागांचा खर्च ३,४०० रुपये आहे. वरवर पाहता ६,१०० रुपये सुटतात. आता बोर्डाची जुळणी आणि डबा यांचे ९०० रुपये, प्रत्येक नग दोन दिवस चालवून तपासण्याचे २५०, बांधणी व वाहतुकीचे ३५०, दोन वर्षांच्या सिम आणि सर्व्हरचे ७००, वॉरंटीत बदलून द्याव्या लागणाऱ्या नगांसाठी राखून ठेवायचे ५००, बागेत जाऊन बसवून देण्याचे ६०० आणि कृषी केंद्रचालकाचे २० टक्के म्हणजे १,९०० रुपये धरा. एकूण खर्च ८,६०० रुपये होतो आणि हातात ९०० रुपये उरतात. त्यातून पगार, भाडे आणि पुढच्या आवृत्तीचे संशोधन भागवायचे आहे.

असा हिशेब पाहून खचून जाऊ नये. त्यातूनच मार्ग निघतो. सिम प्रत्येक यंत्रात न घालता दहा यंत्रांमागे त्यांचे आकडे गोळा करून पुढे पाठवणारा एक गेटवे ठेवला तर खर्च उतरतो. बसवणे इतके सोपे केले की कृषी केंद्राचा मुलगाच ते करू शकेल, तर ६०० रुपये वाचतात. दुसऱ्या वर्षापासून सल्लासेवेचे वार्षिक शुल्क घेतले तर एका ग्राहकाकडून मिळणारी एकूण रक्कम वाढते. एक हजार नगांना भागांचे दर किती उतरतील, हे मात्र अंदाजाने लिहू नये. पुरवठादाराकडून शंभर, एक हजार आणि पाच हजार नगांची लेखी दरपत्रके मागवावीत आणि ती फाइलला लावावीत.

तिसरी पायरी : हिस्सा न देता मिळणारा पैसा आधी

केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना नेमकी भौतिक उत्पादनाच्या नमुन्यासाठी आहे. निवडक संवर्धन केंद्रांमार्फत (इन्क्युबेटर) तिच्यातून १० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि अजून कंपनी न काढलेली व्यक्तीही अर्ज करू शकते. स्टार्टअप इंडिया बीजनिधी योजना २०२१ मध्ये ९४५ कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झाली. तिच्या रचनेत संकल्पना सिद्ध करणे, नमुना आणि चाचण्या यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत परिवर्तनीय (पुढे समभागांत बदलता येणारे) कर्जरोखे किंवा कर्ज होते. वैद्यकीय किंवा जैवतंत्रज्ञानाशी जोडलेले उपकरण असेल तर बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या बिग योजनेत ५० लाखांपर्यंत अनुदान आहे. योजनांचे अर्ज ठराविक काळातच उघडतात, म्हणून त्या दिवशी कोणती योजना अर्ज घेत आहे हे संवर्धन केंद्रात जाऊन विचारावे आणि अजून हातात न आलेल्या अनुदानावर कुणाचा पगार ठरवू नये.

बीजनिधी योजनेत अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांहून जुनी नसावी, अशी अट होती. यावरून एक धडा घेण्यासारखा आहे. नमुना हातात येण्याआधीच उत्साहाने प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदवली, तर तिचे वय उगाच वाढत राहते आणि दरवर्षी लेखापरीक्षणाचा खर्चही मागे लागतो. पहिला नमुना व्यक्ती म्हणून करावा आणि पहिला ग्राहक किंवा पहिले अनुदान दृष्टिपथात आले की कंपनी काढावी, असे माझे मत आहे.

शहरात मदतीची ठिकाणे आहेत. व्हीएनआयटी आणि ट्रिपल आयटी या अभियांत्रिकी संस्थांत इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा व मार्गदर्शक प्राध्यापक मिळू शकतात. आयआयएम नागपूरचे इन्फेड हे उद्योजकता केंद्र व्यवसायाची मांडणी तपासायला उपयोगी आहे. शेतीच्या उपकरणासाठी केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अमरावती मार्गावरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, तर पाणी किंवा हवेच्या मोजणीसाठी नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, या तिन्ही संस्था आपल्याच गावात आहेत. अशा संस्थेच्या शास्त्रज्ञाने तुमच्या यंत्राचे आकडे आपल्या प्रमाणित पद्धतीशी ताडून दिलेला दोन पानांचा अहवाल गुंतवणूकदाराला कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक पटतो. मात्र महाविद्यालयाची साधने किंवा प्राध्यापकांचे मार्गदर्शन वापरले असेल तर त्या संस्थेचे बौद्धिक संपदा धोरण आधी वाचा आणि मालकी कोणाची हे लेखी ठरवून घ्या.

चौथी पायरी : कंपनी आणि मान्यता

कंपनी नोंदवल्यावर उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग म्हणून होणारी सरकारी नोंदणी) आणि केंद्राच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाची स्टार्टअप मान्यता ही दोन कामे लगेच करावीत. मान्यतेमुळे पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सवलत मिळते आणि सरकारी खरेदीत पूर्वानुभव व अनामत यांच्या अटी शिथिल होऊ शकतात. पेटंटसाठी प्रथम तात्पुरता अर्ज करून १२ महिन्यांच्या आत पूर्ण तपशील देता येतो. कोणत्याही प्रदर्शनात यंत्र मांडण्याआधी हा तात्पुरता अर्ज झालेला असावा.

संस्थापकांमधील हिश्श्याचा करार मैत्रीच्या भरवशावर सोडू नये. सर्वांचे समभाग चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्के होतील आणि पहिल्या वर्षात सोडून जाणाऱ्याला काही मिळणार नाही, अशी व्यवस्था सर्वसाधारणपणे केली जाते. माझ्या ओळखीच्या एका कंपनीत नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या सहसंस्थापकाकडे तिसरा हिस्सा तसाच राहिला आणि नंतर आलेल्या प्रत्येक गुंतवणूकदाराने त्याच एका ओळीवर बोट ठेवले.

पाचवी पायरी : परवाने, प्रमाणपत्रे

इंटरनेटशी किंवा रेडिओ लहरींनी जोडलेल्या उपकरणाच्या बाबतीत हा भाग टाळता येत नाही आणि याचा खर्च बहुतेकांच्या अंदाजपत्रकात नसतो. रेडिओ लहरी वापरणाऱ्या उपकरणाला दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन शाखेची उपकरण-प्रकार मान्यता लागते. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरलेल्या शक्तिमर्यादेत परवानामुक्त आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी ९१५ मेगाहर्ट्झची मॉड्यूल्स परदेशातील पट्ट्यासाठी बनलेली असतात, त्यामुळे ती नमुन्यातसुद्धा वापरू नयेत. अॅडॉप्टर, लिथियम सेल अशा कित्येक वस्तूंना भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी लागते. म्हणून स्वतःचा अॅडॉप्टर बनवण्याच्या फंदात न पडता नोंदणीकृत अॅडॉप्टर विकत घ्यावा. आयओटी (इंटरनेटला जोडलेल्या वस्तू) गेटवेसारख्या उपकरणांना दूरसंचार विभागाच्या टीईसी या केंद्राच्या सक्तीच्या चाचणीचा नियम लागू होतो. ई-कचरा नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यांखाली उत्पादक म्हणून नोंदणी करावी लागेल का हे पाहावे.

क्षेत्रानुसार यात भर पडते. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल या दोन्ही खाण कंपन्यांची मुख्यालये नागपुरात असल्याने खाणीसाठी उपकरण करण्याचा मोह येथे अनेकांना होतो, पण भूमिगत कोळसा खाणीत स्फोटक वायूची शक्यता असलेल्या जागी जाणाऱ्या विद्युत उपकरणाला खाण सुरक्षा महासंचालनालयाची मान्यता लागते आणि तिला लागणारा वेळ तुमच्या वेळापत्रकात आधीच धरलेला असला पाहिजे. वैद्यकीय उपकरण असेल तर २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम पाहावे लागतात. चाचणी प्रयोगशाळेकडून लेखी दरपत्रक आणि कालावधी घेऊन ते दोन्ही अंदाजपत्रकात जसेच्या तसे घातले, तर त्या एका ओळीने तुमचा अभ्यास दिसतो.

सहावी पायरी : किती मागावे

रक्कम ठरवताना पुढील १८ महिन्यांत कोणत्या अनिश्चितता संपवायच्या आहेत ते ठरवा, त्यांचा खर्च मांडा आणि वेळेसाठी निदान चार-पाच महिन्यांची जास्तीची सोय ठेवा. उपकरणात बोर्डाची एक आवृत्ती चुकली की बनवणे, भाग मागवणे, जुळवणे आणि तपासणे या फेऱ्यात सहा ते आठ आठवडे जातात, आणि अशा दोन चुका प्रत्येकाच्या होतात.

साच्याच्या खर्चाबाबत घाई करू नका. डब्यासाठी प्लास्टिकचा साधा साचाही काही लाखांत जातो आणि एकदा पोलाद कापले की रचना बदलणे महाग पडते. पहिल्या दोन-तीनशे नगांसाठी बाजारात तयार मिळणारा, पाणी व धूळ रोखणारा डबा घेऊन त्यात छिद्रे पाडून घ्यावीत. तो देखणा दिसत नाही, परंतु संत्रा उत्पादकाला त्याचे काही वाटत नाही आणि तुमचे भांडवल वाचते. साचा करायची वेळ येईल तेव्हा तो आपल्या मालकीचा आहे, मागितल्यावर सात दिवसांत परत मिळेल आणि त्याचे आरेखनही आपल्याला मिळेल, असे खरेदी आदेशातच लिहा. हे वाक्य न लिहिल्याने एका कारखानदाराकडून आमचा साचा सोडवून घ्यायला आम्हाला चार महिने आणि एक हंगाम मोजावा लागला. त्या काळात हातात मागणी होती, पैसे होते आणि डबे नव्हते.

आता हिश्श्याचा हिशेब. कंपनीचे गुंतवणुकीपूर्वीचे मूल्य ४ कोटी ठरले आणि १ कोटी आले, तर नंतरचे मूल्य ५ कोटी होते आणि गुंतवणूकदाराचा हिस्सा २० टक्के होतो. त्यातच कर्मचाऱ्यांसाठी १० टक्के समभाग बाजूला ठेवा आणि ते गुंतवणुकीपूर्वीच्या भागातून काढा, अशी अट असेल तर संस्थापकांकडे ८० नव्हे, ७० टक्के उरतात. म्हणून मूल्याच्या आकड्यावर भांडण्याआधी हा तक्ता स्वतः मांडून पाहावा. उपकरण कंपनीला पुढे आणखी दोन-तीन वेळा भांडवल लागते; पहिल्याच वेळी एकतृतीयांशाहून अधिक हिस्सा गेला, तर पुढचे गुंतवणूकदार संस्थापकांच्या उमेदीविषयीच शंका घेतात.

मूल्य ठरवणे अवघड वाटत असेल तर मान्यताप्राप्त स्टार्टअपला परिवर्तनीय नोट काढता येते. एका व्यक्तीकडून एकाच हप्त्यात किमान २५ लाख रुपये आणि कमाल १० वर्षांत परतफेड किंवा समभागांत रूपांतर, ही तिची चौकट आहे. त्याहून लहान रकमांसाठी सक्तीने परिवर्तनीय अधिमान समभागांच्या (पुढे साध्या समभागांत बदलावेच लागणाऱ्या) रूपातील आयसेफ हा पर्याय २०१९ पासून वापरला जातो.

सातवी पायरी : कोणाकडे जावे

पहिला गुंतवणूकदार मुंबई-बंगळुरूतच शोधला पाहिजे असे नाही. हिंगणा आणि बुटीबोरी येथील औद्योगिक वसाहतींत ज्यांनी स्वतःचे कारखाने उभे केले, अशा माणसांना साचा म्हणजे काय, पुरवठादार आगाऊ रक्कम का मागतो आणि पहिल्या शंभर नगांत दहा परत का येतात, हे समजावून सांगावे लागत नाही. विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनच्या कार्यक्रमांत ही माणसे भेटतात. त्यांच्याकडे पहिल्या भेटीत पैसे मागू नका. आपले दरपत्रक आणि उत्पादनाची पद्धत दाखवा आणि कुठे चुकते आहे ते विचारा. दोन महिन्यांनी त्यांनी सुचवलेला बदल करून पुन्हा गेलात, तर पैशाचा विषय बहुधा तेच काढतात. त्यांची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. कारखानदार गुंतवणूकदाराला लवकर नफा दिसावा असे वाटते आणि संशोधनावरचा खर्च त्याला खटकतो, म्हणून दोन वर्षे तोटा राहणार असेल तर ते सुरुवातीलाच आकड्यांनिशी सांगावे.

एखादी मोठी ग्राहक कंपनीच गुंतवणूक करू इच्छित असेल तर पैशासोबत बाजारही मिळतो. पण तिच्या स्पर्धकांना विकायचे नाही किंवा कंपनी विकताना पहिला हक्क तिचा, अशा अटी पुढचे सगळे दरवाजे बंद करू शकतात. ठरावीक मुदतीपुरती आणि ठरावीक पिकापुरती मर्यादा असेल तर विचार करावा, अन्यथा तिला ग्राहकच राहू द्यावे.

व्यावसायिक गुंतवणूक निधींकडे (व्हेंचर फंड) जाण्यासाठी विकत घेतलेली यंत्रे हवीत. फुकट लावून दिलेल्या पन्नास यंत्रांपेक्षा अर्ध्या किमतीत का होईना, पण पैसे देऊन घेतलेली दहा यंत्रे अधिक वजनदार असतात. खरेदीचे इरादापत्र, खरेदी आदेश आणि जमा झालेली रक्कम या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत; त्या एकाच बेरजेत दाखवू नका. विश्वास एकदा गेला की तो त्या व्यक्तीपुरता राहत नाही, कारण ही माणसे एकमेकांना विचारतात.

भेटीला जाताना चालू यंत्र, तेच यंत्र उघडलेल्या अवस्थेत आणि एक राखीव नग न्यावा. तेथील वायफायवर विसंबू नये. बागेतील यंत्राचे त्या क्षणाचे आकडे मोबाइलवर उघडून गुंतवणूकदाराच्या हातात द्यावेत आणि शांत बसावे. सादरीकरणाची दहा-बारा पाने पुरतात. त्यांत एका नगाचा हिशेब आणि अपयशांची नोंदवही ही दोन पाने असलीच पाहिजेत.

आठवी पायरी : कसून तपासणी

तत्त्वतः होकार मिळाला की अटींचा मसुदा येतो. त्यात कंपनी विकली गेल्यास गुंतवणूकदाराची रक्कम आधी परत मिळण्याची अट बहुतेक वेळा असते. ती रकमेच्या एकपटीपुरती असावी आणि ती घेतल्यावर उरलेल्यातही पुन्हा वाटा नसावा, एवढे पाहावे. कंपनी कायदा जाणणाऱ्या वकिलाचे शुल्क वाचवू नये.

त्यानंतरच्या तपासणीत उपकरण कंपनीच्या काही खास कागदांची विचारणा होते. बोर्डाचे आरेखन आणि यंत्रातील संगणक प्रणाली (सॉफ्टवेअर) कंपनीच्या खात्यात आहे की कुणा मित्राच्या वैयक्तिक खात्यात, बाहेरून काम करून दिलेल्या अभियंत्याने हक्क कंपनीला लिहून दिले आहेत का, वापरलेल्या मुक्त स्रोत प्रणालींच्या अटी पाळल्या आहेत का आणि सुट्या भागांच्या यादीत प्रत्येक महत्त्वाच्या भागाला दुसरा पर्याय आहे का. हा शेवटचा प्रश्न २०२१ मधील चिप्सच्या तुटवड्यानंतर आवर्जून विचारला जातो. एकाच पुरवठादाराच्या एकाच मायक्रोकंट्रोलरवर सगळा डोलारा उभा असेल तर ती जोखीम स्वतःहून सांगा आणि पर्यायी बोर्डाचे काम कुठवर आले तेही दाखवा.

नववी पायरी : पैसे घेण्याची रीत

येथे झालेली चूक निस्तरायला फार त्रास होतो. खासगी कंपनीने समभाग देताना संचालक मंडळाचा व भागधारकांचा ठराव, नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल आणि देकाराचे पत्र हा क्रम पाळावा लागतो. पैसे वेगळ्या बँक खात्यात बँकेच्याच मार्गाने यावे लागतात, रोखीने नव्हे. मिळाल्यापासून ६० दिवसांत समभागांचे वाटप आणि वाटपानंतर १५ दिवसांत त्याचे विवरणपत्र दाखल करावे लागते, आणि ते दाखल होईपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. खात्यात रक्कम दिसते म्हणून दुसऱ्याच दिवशी पुरवठादाराला आगाऊ रक्कम पाठवणारे अनेक जण मी पाहिले आहेत. मित्राकडून कंपनीच्या खात्यात घेतलेले हातउसने पैसेसुद्धा कायद्याने ठेव ठरू शकतात. संचालक आणि त्यांचे नातेवाईक यांच्यासाठी नियम वेगळे आहेत, मित्रांसाठी नाहीत. हे सगळे आपल्या कंपनी सचिवाकडून आधी समजून घ्या.

पूर्वी वाढीव मूल्यावर समभाग दिल्यास लागणारा, एंजल टॅक्स या नावाने ओळखला जाणारा आयकर जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द करण्यात आला. तरीही मूल्यांकन अहवालाची गरज कंपनी कायद्यानुसार कायम आहे.

दहावी पायरी : मागणी पुरी करण्याचा पैसा

पाचशे नगांची मागणी आली हा आनंदाचा दिवस असतो आणि अनेक कंपन्या याच दिवसानंतर अडचणीत येतात. वरच्या उदाहरणात भाग, जुळणी, डबा आणि तपासणी मिळून एका नगाला ४,५५० रुपये लागतात, म्हणजे पाचशे नगांना २२ लाख ७५ हजार. भागांची रक्कम आठ आठवडे आधी द्यायची, जुळणीला तीन आठवडे आणि माल दिल्यावर पैसे दीड-दोन महिन्यांनी. जवळजवळ पाच महिने ही रक्कम अडकते. ती समभागांच्या पैशातून भागवली तर संशोधन थांबते.

यासाठी कर्जाचाच मार्ग योग्य आहे. बँकेकडून तारण न ठेवता कर्ज मिळावे म्हणून सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी सीजीटीएमएसई या पतहमी न्यासाची पतहमी आहे, आणि मान्यताप्राप्त स्टार्टअपसाठी २०२२ पासून वेगळी पतहमी योजनाही आहे. बँक व्यवस्थापकाला तुमची कल्पना नव्हे, खरेदी आदेश आणि ग्राहकाची पत पाहायची असते, त्यामुळे त्याच्याकडे जाताना वेगळा कागद न्यावा. मोठ्या कंपनीला माल दिला असेल तर तिने मान्य केलेले देयक ट्रेड्स या देयके वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर सवलतीने वटवून पैसे लवकर मिळवता येतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. ही अट देयकावर छापून ठेवावी. ग्राहकाकडून ३० टक्के आगाऊ रक्कम मागायला मात्र संकोचू नका, कारण त्याहून स्वस्त भांडवल दुसरे नाही.

वेळापत्रक हंगामापासून मागे मोजा

संत्र्याच्या आंबिया बहारासाठी बागेला डिसेंबर-जानेवारीत ताण देतात, म्हणजे काही काळ पाणी बंद ठेवतात. ओलावा मोजण्याचा खरा उपयोग त्या वेळी असतो, म्हणून यंत्रे नोव्हेंबरअखेर बागेत लागलेली हवीत. त्यासाठी जुळणी ऑक्टोबरमध्ये, भागांची मागणी ऑगस्टमध्ये आणि पैसे जुलैत खात्यात हवेत. बोलणी, तपासणी आणि कागद यांना सहा महिने धरले तर गुंतवणूकदारांच्या भेटी त्याच वर्षीच्या जानेवारीत सुरू व्हायला हव्यात, म्हणजे चालू ताणाच्या काळात लावलेल्या दहा-वीस यंत्रांचे ताजे आकडे दाखवता येतील. आम्ही पहिल्यांदा एप्रिलमध्ये निघालो, पैसे ऑक्टोबरमध्ये आले, यंत्रे जानेवारीच्या शेवटी तयार झाली. तोवर शेतकऱ्यांनी ताण तोडून पाणी सोडले होते आणि त्या यंत्रांची पहिली खरी नोंद मिळायला पुढचा डिसेंबर उजाडला. कारखान्याच्या उपकरणाला वार्षिक देखभालीचा बंद आणि मोठ्या ग्राहक कंपनीला आर्थिक वर्षाचे अंदाजपत्रक, अशा तुमच्या क्षेत्रातील तारखा कोणत्या आहेत ते शोधा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या आधी लिहा.